पेटंट परवडते, ते लिहून कोण देणार?

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे गाव महाराष्ट्राला यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून माहीत होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते आणखी एका कारणासाठी देशभर गाजले. दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले सुटे भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, घरच्यांसाठी एक छोटी चारचाकी तयार केली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी मोबाइलवरच्या चित्रफितीतून घरोघर पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती पाहिली आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळालीही. एका कारागिराच्या हुन्नराचे असे जाहीर कौतुक झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

अशी बातमी वाचली की आपल्याकडे पारावर, एसटीत, कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्यानं पेटंट घ्यायला पाहिजे होतं.’ पेटंट हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की एखाद्याच्या ठरलेल्या विनोदालाही आपण त्याचे ‘पेटंट’ म्हणतो. पण पेटंट घ्यायचे म्हणजे नेमके कुठे जायचे, किती पैसे मोजायचे आणि अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा, हे विचारले तर बोलणारा गप्प होतो. त्यात त्याचा दोष नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कल्पक डोक्यांची वाण कधीच नव्हती. पण त्या डोक्यातली कल्पना कायद्याच्या कागदावर उतरवून देणारा माणूस शोधायचा तर पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागते.

लोहार यांच्या गाडीचेच उदाहरण घेऊ. १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३ कशाकशाला पेटंट मिळणार नाही याची यादी देते. आधीपासून माहीत असलेल्या आणि आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती नवी जुळणी हा शोध मानला जात नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे दुचाकीचे इंजिन, रिक्षाची चाके आणि जीपचा तोंडवळा एकत्र आणणे हे कितीही अवघड असले, तरी संपूर्ण गाडीला पेटंट मिळणे कठीण. मात्र ती जुळवताना किकचा जोर इंजिनापर्यंत नेण्याची एखादी अगदी नवी युक्ती कोणी काढली, तर तेवढ्या युक्तीला पेटंट मिळू शकते. ‘गाडी’ आणि ‘गाडीतली युक्ती’ यांतला हा फरक ओळखणे हेच पेटंट जाणणाऱ्याचे काम. आणि ही ओळख चित्रफीत गावभर फिरण्याच्या आधी व्हावी लागते, कारण अर्ज करण्यापूर्वी जी गोष्ट जगजाहीर झाली ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. ती संशोधकाने स्वतःच जाहीर केली असली तरी नाही.

इथेच आपल्याकडचे बहुतेक कल्पक गाडी चुकतात. नवे औजार तयार झाले की आधी ते गावजत्रेत किंवा कराडच्या कृषी प्रदर्शनात मांडायचे, वर्तमानपत्रात फोटो यायचा, मग कोणीतरी सुचवायचे आणि त्यानंतर अर्जाची चौकशी सुरू व्हायची, असा आपला क्रम. कायद्याला तो नेमका उलटा हवा आहे. केंद्र सरकारने राजपत्रात खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल तर त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, अशी सवलत आहे. शेतात उघड्यावर केल्याशिवाय जमणारच नाही अशा वाजवी चाचणीलाही वर्षभराची मुभा आहे. पण गावोगावची प्रदर्शने आपोआप त्या सवलतीत येत नाहीत. तेव्हा आधी अर्ज, मग हारतुरे, हा क्रम सांभाळलेला बरा.

किर्लोस्करवाडीपासून फलटणपर्यंत

या पट्ट्याला यंत्राची हौस नवी नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने नांगर आणि पुढे डिझेल इंजिने केली; हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील ज्या घरात नव्हता असे घर एके काळी शोधावे लागले असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत विजेवर चालणाऱ्या सायकलरिक्षेवर काम झाले तेव्हा ‘ई-रिक्षा’ हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नव्हता.

आज कुपवाड, मिरज, सातारा, कराड इथल्या औद्योगिक वसाहतींत लेथ फिरवणारे, विट्याच्या यंत्रमागावर सुटे भाग बदलून पाहणारे, तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांसाठी फवारणी यंत्रे जुळवणारे कारागीर त्याच वंशावळीतले आहेत. फरक इतकाच की लक्ष्मणरावांना संस्थानिकाचा पाठिंबा होता. यांना बँकेचे कर्ज आहे.

पाठबळाशिवाय शोधकाचे काय होते याची आपल्याकडची सर्वांत बोलकी हकिगत शंकर आबाजी भिसे यांची आहे. भिसे मुंबईचे, जन्म १८६७ चा. शास्त्रीय नियतकालिके वाचून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. किराणा माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेसाठी लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली होती, ती त्यांनी मुंबईत बसून जिंकली. दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. त्यानंतरची कैक वर्षे छपाईचे खिळे पाडणारे जलद यंत्र बनवण्यात गेली. यंत्र चालत होते, अडत होते ते भांडवल. दादाभाईंनी ओळखीच्या लोकांकडे शब्द टाकला, तो प्रयत्न फसला. पुढे गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटांनी पैसे घातले. भिसे शेवटी न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ साली तिथेच वारले. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे एवढी त्यांची कमाई सांगितली जाते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हटले. पण एडिसनच्या मागे वकिलांची फौज आणि भांडवलदारांचा पैसा होता; भिशांच्या हाती शिफारसपत्रे होती. पेटंटाच्या कागदाने भिसे श्रीमंत झाले नाहीत, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे. तो कागद म्हणजे कुंपण आहे. आतले पीक वेगळे घ्यावे लागते.

फी किती, खर्च किती?

सर्वसाधारण समजूत अशी की पेटंट म्हणजे लाखांची बाब. सरकारी फीपुरते बोलायचे तर हा समज खोटा आहे. एकटी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना मोठ्या कंपनीच्या एक-पंचमांश फी आहे. ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीला ४,००० रुपये, असे मिळून ५,६०० रुपये होतात. तीस पानांपुढे आणि दहा दाव्यांपुढे थोडी जादा फी. पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ८०० रुपये, पुढे ती फी वाढत जाते. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल भागातल्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. मात्र अर्ज घरबसल्या करता येतो आणि सुनावणीही दृक्श्राव्य माध्यमातून होते. आधी असा शोध कोणी लावला आहे का, हे पाहण्याची सोय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची सूचीही फुकट आहे.

इतके सगळे स्वस्त असताना अडते कुठे? अडते ते लिहिण्यात. पेटंटाच्या मसुद्यातला प्राण म्हणजे त्याचे ‘दावे’. समजा सांगलीच्या एका कारागिराने हळद पॉलिश करण्याचा असा ड्रम काढला की ज्यात आतल्या तिरक्या दात्यांमुळे कांडी तुटत नाही. त्याने दाव्यात लिहिले, ‘सहा दाते असलेला ड्रम’. त्याने सहा केले म्हणून सहा लिहिले, प्रामाणिक माणूस. उद्या शेजारचा सात दाते बसवून बाजारात उतरेल आणि माझा ड्रम वेगळाच आहे असे म्हणेल. आणि ‘दाते असलेला कोणताही ड्रम’ असे लिहिले असते, तर परीक्षकाने जुने दाखले काढून तो दावा फेटाळला असता. खरी युक्ती दात्यांच्या संख्येत नसून त्यांच्या तिरकेपणात आहे, कोन किती ते किती अंशांपर्यंत चालतो, हे ओळखून शब्दांत पकडणे ही वेगळीच विद्या आहे. विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि त्यावर पेटंट कार्यालयाची परीक्षा, एवढे उत्तीर्ण झाल्यावर माणूस ‘पेटंट एजंट’ होतो. त्याची मसुद्याची फी सरकारी फीच्या कित्येक पट असते. ती गैर नाही; तो त्याचा धंदा आहे. पण महिन्याकाठी पंचवीस हजार मिळवणाऱ्या फिटरने ती कुठून द्यायची?

कायदा अर्जदाराला स्वतः अर्ज लिहायला मनाई करत नाही. अनेक जण लिहितातही. त्यांची खरी कसोटी पुढे लागते. परीक्षणाची मागणी मुदतीत करावी लागते; १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे. नुसता अर्ज करून ‘आपले पेटंट झाले’ म्हणून निवांत बसणाऱ्याचा अर्ज या मुदतीनंतर मागे घेतल्यासारखाच धरला जातो. मागणी केल्यावर परीक्षकाचा अहवाल येतो. त्यात पाच-सात आक्षेप, परदेशी पेटंटांचे दाखले आणि कलमांचे आकडे असतात. ते इंग्रजी वाचूनच सामान्य माणसाचा धीर सुटतो. सहा महिन्यांत समाधानकारक उत्तर गेले नाही, किंवा मागून घेतलेली जास्तीची तीन महिन्यांची मुदतही टळली, की अर्ज सोडून दिला असे मानले जाते. म्हणजे मदत हवी ती केवळ पहिल्या दिवशी नको, तीन-चार वर्षे हवी. पेटंटविषयक मार्गदर्शन शिबिरे भरवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही. तिथे पेटंट म्हणजे काय हे सांगतात, चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात.

मदतीची दारे आणि त्यांचे उंबरे

मग फुकट किंवा स्वस्त मदत आहे तरी कुठे? आहे. पहिले नाव घ्यायला हवे ते गांधीनगरजवळच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचे, म्हणजे ‘नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन’चे. अहमदाबादच्या आयआयएममधले प्रा. अनिल गुप्ता यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘हनी बी नेटवर्क’ सुरू केले. फुलाला न दुखवता मध गोळा करणाऱ्या मधमाशीप्रमाणे, ज्याची विद्या त्याच्या नावावर ठेवूनच ती जगापुढे आणायची, हा त्यामागचा विचार. त्यातूनच २००० साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साह्याने हे प्रतिष्ठान उभे राहिले, डॉ. रघुनाथ माशेलकर त्याचे अध्यक्ष होते. कोणत्याही प्रयोगशाळेच्या किंवा कंपनीच्या मदतीविना शेतकऱ्याने, कारागिराने, गृहिणीने स्वतःच्या डोक्याने काढलेली युक्ती योग्य वाटली, तर प्रतिष्ठान संशोधकाची लेखी संमती घेऊन त्याच्याच नावाने पेटंटचा अर्ज करते आणि खर्च स्वतः सोसते. असे एक हजाराहून अधिक अर्ज त्यांनी केले आहेत. वीज न लागणारा मातीचा फ्रिज करणारे वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती आणि सॅनिटरी नॅपकिनचे स्वस्त यंत्र काढणारे कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम ही नावे याच प्रतिष्ठानच्या गौरवातून पुढे आली.

या दाराला उंबरा आहे तो निवडीचा. देशभरातून येणाऱ्या कल्पनांतून थोड्याच पुढे जातात. कागद मराठीत पाठवला तरी चालतो, पण काम काय केले याचे फोटो, रेखाटन, आणि आधीच्या यंत्रापेक्षा ते वेगळे कसे हे नीट मांडावे लागते. शाळकरी मुलांच्या बाबतीत मात्र वाट जरा सोपी आहे. ‘इन्स्पायर-मानक’ या योजनेत शाळेमार्फत मुलाची कल्पना पाठवता येते आणि निवड झाल्यास प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये मिळतात. घरात एखादा कार्टा रेडिओ उघडून बसत असेल तर त्याच्या शाळेत या योजनेची चौकशी जरूर करावी.

दुसरे दार स्टार्टअपवाल्यांचे. २०१६ मध्ये केंद्राने अशी योजना आणली की मान्यताप्राप्त स्टार्टअपने फक्त सरकारी फी भरायची. मसुदा करणाऱ्या सुविधादात्याचे मानधन सरकार देईल. कल्पना उत्तम. पण स्टार्टअप म्हणून मान्यता मिळायची तर खासगी मर्यादित कंपनी, नोंदणीकृत भागीदारी किंवा एलएलपी असे काहीतरी रूप हवे. कुपवाडच्या एकट्या मालकीच्या वर्कशॉपला ते लागू पडत नाही, आणि त्यासाठी कंपनी काढावी तर सनदी लेखापालाचा खर्च सुरू होतो. राज्य सरकारनेही २०२० साली स्टार्टअपसाठी देशी पेटंटला दोन लाखांपर्यंत आणि परदेशी पेटंटला दहा लाखांपर्यंत साह्य जाहीर केले. लघुउद्योग मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये आणलेल्या योजनेत उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला देशी पेटंटसाठी एक लाख आणि परदेशी पेटंटसाठी पाच लाखांपर्यंत परतावा ठरवला. एकट्या मालकाचे वर्कशॉपही उद्यम नोंदणी करू शकते, हा या योजनेचा मोठा गुण. मेख आहे ती ‘परतावा’ या शब्दात. आधी खिशातून घाला, पेटंट पदरात पडू द्या, मग बिले दाखवून पैसे घ्या. ज्याच्या खिशात घालायला पैसे आहेत त्याच्यासाठी ही सोय चांगली. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या गरजेला ती उशिरा पोहोचते.

तिसरे दार महाविद्यालयांचे. शिक्षणसंस्थांत पेटंटविषयी जागृती आणि अर्जांना अर्थसाह्य यासाठी २०२० साली ‘कपिला’ ही मोहीम निघाली. गेल्या काही वर्षांत अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अर्जांचा पूर आला आहे. देशातल्या अर्जांची संख्या २०२३-२४ मध्ये ९२ हजारांवर गेली. त्यांतले किती कारखान्यात उतरले, हा प्रश्न विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही. प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांसाठी झालेले अर्ज आणि पोटासाठी झालेले अर्ज यांत फरक करायला हवा. पण त्यातून एक फायदा झाला आहे तो हा, की अर्ज भरण्याची सवय असलेली माणसे आता जिल्ह्यातच आहेत. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ सालचे. राजारामनगरला, साताऱ्याला, कराडला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांनी आपल्या बौद्धिक संपदा कक्षाचे दार महिन्यातून एक दिवस बाहेरच्या कारागिराला उघडले आणि जिल्हा उद्योग केंद्राने त्या दिवसापुरता एक नोंदणीकृत पेटंट एजंट मानधनावर बोलावला, तर दोन जिल्ह्यांचे काम भागेल. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

अमेरिकेने हे केले आहे. तिथल्या २०११ च्या कायद्याने पेटंट कार्यालयाला वकिलांच्या संघटनांबरोबर फुकट मदतीची योजना उभारण्याची जबाबदारी दिली. मिनेसोटात सुरुवात झालेली ती योजना आता देशभर पसरली आहे. कमी उत्पन्नाचा संशोधक, थोडेसे प्राथमिक ज्ञान आणि नुसती कल्पना नव्हे तर प्रत्यक्षात उतरू शकणारा शोध, एवढ्या अटी पाळल्या की वकील त्याचे काम विनामूल्य करतो. जिनिव्हाच्या संघटनेनेही अशीच योजना कोलंबिया, मोरोक्को, फिलिपिन्स या देशांत प्रथम राबवली. त्या पहिल्या यादीत भारत नव्हता. आपल्याकडे पेटंट एजंट काही कमी नाहीत. विज्ञान विभागाच्या योजनेतून पेटंटचे प्रशिक्षण घेतलेल्या, संसारामुळे नोकरी सुटलेल्या कितीतरी उच्चशिक्षित स्त्रियांनी ही परीक्षा दिली आहे. वर्षाला दोन अर्ज फुकट करा, असे आवाहन कोणी केले तर त्यांतल्या काहींना ते आवडेलही.

पेटंट नकोच तेव्हा

प्रत्येक युक्तीला पेटंटच हवे असे नाही, आणि सांगली-साताऱ्याच्या पुष्कळ कर्तबगारीला ते मिळतही नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘थॉमसन सीडलेस’मधून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचे वाण काढले, ज्याने या भागाचे अर्थकारणच पालटले. पण वनस्पती, बियाणे आणि शेतीची पद्धत यांना आपला पेटंट कायदा हातच लावू देत नाही. छाटणीची नवी रीत कितीही चांगली असो, तिला पेटंट नाही; छाटणीच्या नव्या कात्रीला मिळू शकते.

नव्वदच्या दशकात ‘डंकेल’च्या नावाने गावोगाव सभा झाल्या तेव्हा बियाण्यावर परदेशी कंपन्यांचे पेटंट बसणार, अशी भीती होती. त्या वादातून जे निघाले ते मात्र शेतकऱ्याच्या बऱ्यापैकी फायद्याचे निघाले. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावावर नोंदवण्याचा हक्क दिला आणि या कायद्याखालच्या कामकाजात, थेट उच्च न्यायालयापर्यंत, शेतकऱ्याला कोणतीही फी माफ केली. ही तरतूद आधी असती तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना वेगळे दिवस दिसले असते. १९८३ साली शेतातल्या वेगळ्या ओंब्या हेरून त्यांनी जे भाताचे वाण वाढवले, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. ते कित्येक राज्यांत पसरले. १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्याचेच शुद्ध केलेले वाण आपल्या नावाची अक्षरे पुढे लावून प्रसारित केले. दादाजींना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा उपचाराच्या खर्चाची चिंता घरात होती.

हळदीची गोष्ट तर सांगलीकरांना सांगायलाच नको. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाकडे गेले आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ व १९५३ सालचा एक शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवले. सांगलीच्या हळदीला पुढे २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्याला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही ते आहे. पण मानांकन हा साऱ्या समूहाचा हक्क. मिरजेच्या एखाद्या कारागिराने तंबोऱ्याच्या खुंटीत नवी सुधारणा केली तर मानांकन त्या सुधारणेचे रक्षण करत नाही.

अशा छोट्या सुधारणांसाठी जर्मनीत १८९१ पासून धाकटे पेटंट आहे, चीन-जपानातही आहे. कमी मुदत, कमी कसोटी, कमी खर्च. आपल्या केंद्र सरकारने २०११ साली त्यावर एक चर्चापत्र काढले आणि विषय तिथेच थांबला. आपल्या कारागिरांची निम्मी बुद्धी याच वर्गात मोडते, तेव्हा हा कायदा व्हायला हवा, असे माझे मत आहे. त्यामुळे खटले वाढतील हा आक्षेप खोटा नाही. पण खटला भरायची ऐपत आज तरी एकाच बाजूकडे आहे.

आणखी एक सावधगिरी. पेटंट ‘हमखास’ आणि ‘महिन्याभरात’ मिळवून देतो, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात. त्यांतून हाती पडणारा कागद पुष्कळदा डिझाइन नोंदणीचा असतो. डिझाइन म्हणजे वस्तूचे बाह्य रूप. यंत्र कसे चालते याचे रक्षण त्यात नाही आणि एकट्या व्यक्तीला त्याची सरकारी फी हजार रुपये आहे. पैसे देण्याआधी त्या माणसाचा पेटंट एजंट म्हणून नोंदणी क्रमांक मागावा आणि पेटंट कार्यालयाच्या यादीत तो पडताळावा. अर्ज आपल्याच नावाने होतो आहे ना, हेही पाहावे. कल्पना सांगण्यापूर्वी ती गुप्त ठेवण्याचा साधा करार सही करून घ्यावा. खऱ्या व्यावसायिकाला त्याचा राग येत नाही.

ज्याला अगदीच घाई आहे त्याच्यासाठी तात्पुरत्या मसुद्याची सोय आहे. १,६०० रुपयांत शोधाचे वर्णन आणि आकृत्या देऊन तारीख पक्की करायची आणि बारा महिन्यांत पूर्ण मसुदा द्यायचा. त्या वर्षात यंत्र विकते का, कोणी कारखानदार हात पुढे करतो का, हे पाहता येते; न विकल्यास पुढचा खर्च वाचतो. तात्पुरता मसुदाही मोघम नको, कारण त्यात जे लिहिले नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

पेटंट मिळाल्यावर नक्कल झाली तर दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो, म्हणजे सातारा-सांगलीतच. पण समोरच्याने ‘हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जाते आणि वकिलाची फी मुंबईची होते. या टप्प्यावर एका जुन्या कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सर्व जण फुकट कायदेशीर मदतीला पात्र आहेत. ‘मदत’ म्हणजे केवळ कोर्टातला खटला नव्हे. कोणत्याही प्राधिकाऱ्यापुढचे कामकाज आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला, अशी तिची व्याख्या कायद्यातच आहे. पेटंट कार्यालयापुढची कार्यवाही या शब्दांत न बसण्याचे कारण दिसत नाही. अडचण आहे ती एवढीच की प्राधिकरणाच्या यादीतले वकील वाटण्या, पोटगी, अपघाताचे दावे चालवणारे असतात. त्या यादीत एखाद्या पेटंट एजंटचे नाव यायला हवे, आणि मागणी झाल्याशिवाय ते येणार नाही. महिला अर्जदारांना २०१९ पासून जलद परीक्षणाची वेगळी सवलतही आहे. मसाला कांडपाचे, भाकरीचे, पापडाचे यंत्र स्वतःच्या डोक्याने सुधारणाऱ्या बचत गटातल्या एखाद्या भगिनीने पहिला अर्ज घेऊन जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे.